इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या काकांना, टोप्यांबद्दल मनापासून आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

मावशीकडून तुमचा नंबर घेऊन मी बिचकतच पहिला निरोप पाठवला होता. आमच्या शाळेतल्या मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलांसाठी इंग्रजी वाक्प्रचारांची पुस्तिका करायला घेतली आणि माझं घोडं हॅटपाशी येऊन अडलं. गाइडच्या शेवटच्या पानावरची यादी मुलं घोकतात, एका गुणासाठी पेपरात उतरवतात आणि विसरतात. तुम्ही म्हणालात, "अगं, मी राहतो ते गावच टोप्यांचं. जरा दम धर." मग रविवारमागून रविवार तुमचे ध्वनिसंदेश आणि फोटो येत राहिले. त्याचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र.

'मॅड ॲज अ हॅटर' (हॅटर म्हणजे टोप्या करणारा) ही ओळ आमच्या यादीत 'ठार वेडा' एवढ्यावरच संपत होती. तुम्ही वेलिंग्टन मिलमधल्या हॅट वर्क्स संग्रहालयात जाऊन यंत्रांसमोर उभे राहिलात आणि फेल्टची टोपी कशी होते ते पहिल्यापासून सांगितलंत. सशाची लव कातडीवरून काढायची, आपल्या पिंजाऱ्याच्या धनुकलीसारख्या धनुष्याने ती पिंजायची, मग तिचा मोठा सैल शंकू करून गरम पाण्यात आणि वाफेत दाबत, चोळत आटवायचा. हे नुसतं ऐकूनच मुलं खूश झाली. पण लव नीट गुंतावी म्हणून कातडीला आधी पाऱ्याच्या नायट्रेटचं द्रावण फासत, हे कळल्यावर वर्ग गप्प झाला. त्या द्रावणाने लवेची टोकं गाजरासारखी नारिंगी होत, म्हणून कामगार त्या कामाला 'कॅरटिंग' म्हणत. पुढे कोंदट कारखान्यात वाफ लागली की पारा हवेत उतरे आणि कामगारांच्या श्वासात जाई. हात थरथरायचे, दात पडायचे, लाळ गळायची. माणूस बुजरा आणि चिडका व्हायचा. अमेरिकेतल्या डॅनबरी या टोप्यांच्या शहरात या थरथरीला 'डॅनबरी शेक्स' असं नावच पडलं होतं. न्यू जर्सीतल्या एका डॉक्टरने 1860 साली हा आजार लिहून ठेवला, तरी अमेरिकेतल्या टोपी कारखान्यांतून पारा जायला डिसेंबर 1941 उजाडला. एक्क्याऐंशी वर्षं! माझ्या वर्गातल्या काही मुलांचे वडील कारखान्यात काम करतात. त्यातल्या एकीने विचारलं, "त्यांना मास्क का नाही दिले?" इंग्रजीच्या तासाला असा प्रश्न मला यापूर्वी कधी आला नव्हता.

आणि काका, एवढं सगळं सांगूनही तुम्ही मला बजावलंत की हा वाक्प्रचार पाऱ्यामुळेच पडला असं छापू नकोस. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. 'ॲलिस इन वंडरलँड'च्या गोष्टीतल्या हॅटरमुळे तो सुरू झाला, हेही चूक, कारण ते पुस्तक 1865 चं आणि वाक्प्रचार त्याच्या कितीतरी आधी छापून आलेला. तुमच्या या काटेकोरपणाचं मला फार मोल वाटतं. गोष्ट इतकी बिनतोड जुळत असताना 'इथे थांब' म्हणणारी माणसं थोडी असतात. पुस्तिकेत कामगारांची हकिकत आणि हा वाद, दोन्ही घेतले आहेत.

हॅट्रिकच्या बाबतीत मात्र कागद पक्का निघाला. सप्टेंबर 1858 मध्ये शेफील्डच्या हाइड पार्क मैदानावर एच. एच. स्टीफनसन यांनी लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, लोकांनी वर्गणी काढली आणि त्यातून त्यांना हॅट भेट दिली. तुम्ही मूळचे नागपूरचे, त्यामुळे तुमची गाडी लगेच 31 ऑक्टोबर 1987 वर आली. विश्वचषक, न्यूझीलंडविरुद्धचा सामना, चेतन शर्मा. रदरफोर्ड, स्मिथ, चॅटफील्ड, तिघेही त्रिफळाचीत. विश्वचषकातली पहिली हॅट्रिक आपल्या नागपुरात झाली, हे मुलांना ठाऊकच नव्हतं. त्याच दिवशी गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकमेव शतक काढलं, हे सांगताना तुमचा आवाज जो चढला, तो संदेश मी वर्गात दोनदा ऐकवला.

बाकीचे वाक्प्रचार भराभर उरकले. कुस्तीच्या आखाड्यात उतरावं तशी मुष्टियुद्धाच्या रिंगणात आपली हॅट फेकणं म्हणजे आव्हान स्वीकारणं, आणि 1912 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी अध्यक्षपदाच्या लढतीत उतरताना माझी हॅट रिंगणात आहे असं सांगणं, हे मुलांना पटकन कळलं. 2015 च्या ब्रिटिश निवडणुकीच्या रात्री लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे पॅडी ॲशडाउन यांनी मतदानोत्तर अंदाज खरा ठरला तर आपली हॅट खाईन असं जाहीर केलं. अंदाज त्यांच्या पक्षाला दहा जागांचा होता, मिळाल्या आठच. यावर वर्ग खो-खो हसला.

'हॅट इन हँड' मात्र अडलं. हातात टोपी घेऊन उभं राहण्यात लाचारी कसली, असा मुलांचा सवाल होता. आमच्याकडे आजोबा देवळात जाताना, पाहुणा दारात आला की टोपी डोक्यावर चढवतात. साहेब मान द्यायला ती उतरवतो. तुम्ही तिकडचा रिवाज समजावून सांगितलात, वरिष्ठासमोर डोकं उघडं करायची जुनी रीत सांगितलीत, आणि मग 'हॅट्स ऑफ'सुद्धा त्याच रांगेत येऊन बसलं. तो तास माझ्या सगळ्या नोकरीतल्या आवडत्या तासांपैकी एक आहे.

काका, तुम्ही वयाच्या या टप्प्यावर, तिथल्या थंडीपावसात, कधी न पाहिलेल्या मुलांसाठी इतकी पायपीट केलीत. एकदाही 'आता पुरे' म्हणाला नाहीत. पुस्तिका छापून आली आहे. पहिल्या पानावर तुमचं नाव घालू दिलं नाहीत, म्हणून 'स्टॉकपोर्टचे काका' एवढंच छापलंय. दोन प्रती मावशीबरोबर पाठवते आहे. एक तुमच्यासाठी, एक संग्रहालयातल्या लोकांना दाखवायला.

जाता जाता मुलांचा एक प्रश्न. स्टॉकपोर्ट काउंटी आणि लूटन टाउन या दोन्ही फुटबॉल संघांना 'हॅटर्स' म्हणतात, तुमच्या गावच्या फेल्टमुळे आणि लूटनच्या गवती टोप्यांमुळे. मग ते समोरासमोर आले की प्रेक्षक काय ओरडतात? सवडीने कळवा.

तुमची कृतज्ञ,
नववी-दहावीची इंग्रजीची बाई