ताई, तुम्ही विचारायला लावलेल्या प्रश्नांबद्दल

आदरणीय ताई,

हे पत्र मुद्दाम उघडपणे लिहितेय. ‘आधी लग्न की आधी उमेदवारी’ या पेचात सापडलेल्या इतर मुलींच्याही ते हाती पडावं.

त्या काळात मला सल्ल्यांची कमतरता नव्हती. घरचे म्हणत, आधी लग्न उरकून घे, मग काय ते राजकारण कर. पक्षातले म्हणत, लग्नाचं नाव काढू नकोस, तिकीट हातचं जाईल. (पुरुष कार्यकर्त्याचं लग्न ठरलं की हेच लोक ‘आता स्थिरावला’ म्हणतात!) तुम्ही मात्र सल्ला दिलाच नाहीत. ‘लग्न करायचं का हे नंतर बघ, कुणाशी आणि कोणत्या बोलीवर ते आधी बघ,’ एवढंच म्हणालात.

मी ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचरचं उदाहरण तोंडावर फेकलं, तेव्हा तुम्ही त्यातला हिशेब उलगडून दाखवलात. १९५० आणि १९५१ मध्ये त्या निवडणूक हरल्या, १९५१ च्याच डिसेंबरात लग्न केलं. नवऱ्याच्या पैशाचा आधार होता म्हणून कायद्याचं शिक्षण जमलं. तरी १९५३ मध्ये जुळं झाल्यावर उमेदवार निवडणारे ‘मुलांचं कसं करणार?’ हेच विचारत राहिले. खासदारकी मिळाली ती १९५९ मध्ये. गोल्डा मेयर इस्रायलच्या पंतप्रधान झाल्या, पण त्यांचा संसार त्याआधी कितीतरी वर्षं मोडला होता. आणि बेनझीर भुट्टोंनी १९९० मध्ये पाकिस्तानच्या पंतप्रधानपदावर असताना मुलीला जन्म दिला. ‘यातली एकही वाट जशीच्या तशी तुझी नाही,’ असं म्हणून तुम्ही माझ्यापुढे कोरा कागद सरकवलात.

त्यावर लिहिलेले प्रश्न मी ज्याच्याशी लग्नाचं चाललं होतं त्याला विचारले. बैठक मध्यरात्री संपली तर दार उघडताना तुझा चेहरा कसा असेल? मतपत्रिकेवर माझं कोणतं नाव? पत्ता बदलला की मतदारयादीतलं नाव हलवावं लागतं, आणि स्थानिक निवडणूक लढवायची तर बहुतेक ठिकाणी तिथल्याच यादीत नाव लागतं. मग राहायचं कुठे? हरले तर कर्ज कुणाचं? जिंकले तर माझ्या खुर्चीवर बसून माझ्या वतीने बोलणार नाहीस ना? हा शेवटचा प्रश्न तुम्ही अधोरेखित करायला लावला होता. का, ते आता अनेक निवडून आलेल्या बायकांचे नवरे कारभार करताना बघून कळतं.

त्याने लगेच उत्तरं दिली नाहीत, हे मला आवडलं. आली तीही गोड नव्हती. माझ्या वॉर्डात राहायला येईन, पण प्रचाराला फिरणार नाही; कर्जाला सही करणार नाही, घरखर्च मात्र सांभाळेन. यावर भांडता आलं, घासाघीस करता आली. ‘माझा पूर्ण पाठिंबा आहे’ या वाक्याशी काय भांडणार?

लग्न ठरलंय, निवडणुकीनंतरचं. पक्षाला कळवलंय, कुरकुर चालू आहे. अर्ज पुढच्या आठवड्यात भरतेय. सूचक म्हणून तुमची सही हवी आहे, ताई. वेळ कळवा, कागद घेऊन मीच येते.

तुमची,
एक कार्यकर्ती