बाळ्या, त्या फे जोन्सबद्दल

प्रिय बाळ्या,

काल फोनवर तू परत तेच म्हणालास, तुमच्या अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्यात बघण्यासारखं काही नाही, मी गप्प बसलो कारण आई शेजारी होती, पण मला ते पटलेलं नाहीये.

मागच्या ऑक्टोबरात युरेका स्प्रिंग्सला नेलंस ना, तू गाडीत मीटिंगमधे अडकलेलास आणि मी त्या थॉर्नक्राउन चॅपलमधे, म्हणजे जंगलातल्या त्या छोट्या प्रार्थनाघरात, मान दुखेपर्यंत वर बघत बसलो होतो. 33 वर्षं साईटवर काढलेला माणूस मी, पहिला प्रश्न हाच की 48 फूट उंचीचं हे काम भर झाडीत उभं करायला क्रेन आत आणली कुठून? नंतर वाचलं. ते बांधणारा आर्किटेक्ट फे जोन्स, त्याने ठरवूनच टाकलं होतं, दोन माणसांना पायवाटेने उचलून नेता येईल त्याच्याहून मोठं लाकूड वापरायचंच नाही. म्हणून तिथे बहुतेक सगळं बारीक, दोन बाय चार, दोन बाय सहा इंची. आणि वर लाकडं एकमेकांना छेदतात तिथे सांधा भरीव नाहीच, मधे पोकळ पोलादी चौकट आहे, त्यातून उजेड येतो! माझ्याकडे असं ड्रॉइंग आलं असतं तर मी ती भोकं बुजवून घेतली असती, खोटं कशाला बोलू.

हे 1980 चं. पण गडी मुळात घरं बांधणारा. 1938 मधे थिएटरात फ्रँक लॉइड राइट या नावाजलेल्या आर्किटेक्टच्या बिल्डिंगवरची छोटीशी फिल्म बघितली आणि डोक्यात बसलं ते बसलंच, पुढे राइटकडे शिकलाही, पण नंतर मोठ्या शहरात न जाता आर्कन्सॉतल्याच फेएटव्हिलला कॉलेजात शिकवणं आणि छोटंसं ऑफिस, बास. 1956 ला स्वतःचं घर बांधलं तर जागेवर भला मोठा धोंडा, आपण सुरुंग लावून मोकळे झालो असतो, याने तो घरातच घेतला. तुमच्या वॉलमार्टच्या सॅम वॉल्टनचं बेंटनव्हिलमधलं घरही त्याचंच, ओढ्यावर. वीज पडून जळालं तेव्हा परत याच्याकडूनच बांधून घेतलं. 1990 ला अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेचं गोल्ड मेडल मिळालं, तोवर राइटलाही तेच मिळून गेलेलं.

तर त्या चॅपलपर्यंत तुला तासाभराचा रस्ता आहे, एखाद्या रविवारी जा. वरच्या त्या सांध्याचा खालून एक फोटो काढून पाठव, माझ्या फोटोत नेमकं आईचं डोकं आलंय.

तुझा,
बाबा