मेक्सिकोचा 'ग्वे' आणि आपला 'गा'

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा भाचा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला आहे. त्यांचा माल मेक्सिकोला जातो, त्यामुळे रात्री तिकडच्या माणसांशी व्हिडिओवर बोलणं असतं. तिकडची दोन तरुण पोरं एकमेकांना वाक्यागणिक 'ग्वे' म्हणायची. यानं मोबाइलवर अर्थ बघितला, 'मित्रा' असं आलं. मग एका रात्री यानं त्यांच्या साठीच्या साहेबांनाच आपुलकीनं 'ग्वे' म्हटलं. साहेब गप्प झाले, पोरांनी माना खाली घातल्या आणि सकाळी याला वरून समज मिळाली. घरी येऊन म्हणाला, "मावशी, मी मित्रा म्हटलं गं, शिवी कुठं दिली?"

चौतीस वर्षं मी मराठी शाळेत शिकवलं. पोराचा उतरलेला चेहरा बघवेना, म्हणून आम्ही दोघं त्या शब्दाच्या मागं लागलो.

स्पॅनिशमध्ये 'बुएय' म्हणजे बैल. त्याचं बोलीतलं रूप 'ग्वे'. (लिहिताना 'यू'वर दोन टिंबं देतात, नाहीतर उच्चार 'गे' होईल. पोरं मोबाइलवर नुसतं 'वे' लिहितात.) लॅटिनमधला 'बोस' हा त्याचा पूर्वज, आणि तो व आपला संस्कृत 'गो' एकाच मुळाचे. बैल म्हणजे मठ्ठ, हा अर्थ तिकडंही आपल्यासारखाच. पुढं मित्रामित्रांत शिवीची धार गेली आणि ती हाक झाली. आता मुलीसुद्धा एकमेकींना 'ग्वे' म्हणतात. 'के ओंदा, ग्वे' म्हणजे 'काय चाललंय लेका'. पण जुना अर्थ मेलेला नाही. 'नो ते आगास ग्वे' म्हणजे वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. आणि हे सगळं मेक्सिकोचं. स्पेनमध्ये त्या जागी 'तीओ' चालतो, म्हणजे चक्क काका!

माझे वडील येळ्ळूरच्या शिवारात औत धरायचे. कर्नाटकी बेंदराला बैलांना धुवून, शिंगं रंगवून पोळीचा घास भरवायचे. बैलाला हाक 'राजा' अशी, आणि चुकलेल्या भावाला 'बैला'. भावाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तोच शब्द गल्लीतल्या परक्या माणसानं काढला, तेव्हा मात्र भांडण पोलीस पाटलांपर्यंत गेलं होतं.

आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. बाजारात कानडी दुकानदाराला आपण 'एन्री' म्हणतो. 'एनले' म्हणायला वर्गमित्रच लागतो. मराठीत 'काय गा' बरोबरीच्याला, थोरांना नाही. स्पॅनिशमध्येही 'तू' आणि 'उस्तेद' वेगळे आहेत, अगदी आपल्या तू-तुम्हीसारखे. ज्याला 'उस्तेद' म्हणायचं, त्याला 'ग्वे' म्हणायचं नाही. भाच्याला एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर तो प्रसंग आला नसता.

म्हणून विनंती आहे. आपल्या पुरवण्यांत परदेशी शब्दांची ओळख येते, मी ती कात्रणं ठेवते. पण तिथंही शब्दापुढं एक प्रतिशब्द, एवढंच असतं. कृपा करून तो शब्द कोण कुणाला म्हणतं आणि कुणाला म्हणत नाही, हेही छापा. आमची शेकडो पोरं आज परदेशी माणसांबरोबर काम करतात, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. मीही वर्गात फळ्यावर 'शब्द' आणि 'अर्थ' असे दोनच रकाने आखत आले. तिसरा आखायला हवा होता, हे आता कळतंय.

भाच्यानं साहेबांना माफीचं पत्र लिहिलं, 'उस्तेद' वापरून. दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. त्यात त्यांनी याला 'तू' म्हटलं होतं.

आपली नित्य वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, येळ्ळूर, ता. बेळगाव