ग्रामसभेची नोटीस मराठीत पण लावा

संपादक साहेब, नमस्कार.

परवा आमच्या गावात ग्रामसभा झाली, म्हणजे झाली असं रजिस्टरात लिहिलंय. नोटीस पंचायतीच्या दाराला चिकटवलेली, सगळी कन्नडमध्ये, आणि आमच्या कर्नाटकातल्या, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या जुन्या मराठी बायकांना कन्नड बोलायला थोडंफार जमतं पण वाचायला कुठलं. माझी आई रेशनला जाताना त्या कागदापुढनं दोनदा गेली, तिला वाटलं घरपट्टीचं असेल. सभेला वीस-बावीस माणसं, भराभर कन्नडमध्ये वाचलं, उद्योग खात्रीची, म्हणजे रोजगार हमीची, कामं मंजूर, चहा आला, संपलं. दुसऱ्या दिवशी रजिस्टर घरोघर फिरलं, आईनं पण सही केली, आता ती सभेला हजर होती बघा!

73व्या घटनादुरुस्तीनं ग्रामसभा म्हणजे मतदार यादीतला प्रत्येक माणूस. आमदार नको, मध्यस्थ नको, थेट बोलायची हीच एक जागा आणि तिथं भाषेमुळंच तोंड बंद.

बेल्जियममध्ये जर्मन बोलणाऱ्यांचा एक छोटा पट्टा आहे, पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडनं तिकडं गेलेला, म्हणजे आपलं दुखणं त्यांना वेगळं सांगायला नको. वस्ती जेमतेम पाऊण लाख. तिथं 2019 पासून कायमची नागरिक परिषद आहे, 24 माणसं, चिठ्ठ्या टाकून निवडलेली. ते विषय ठरवतात, मग चिठ्ठीनंच काढलेला दुसरा गट त्यावर बसून चर्चा करतो, शिफारशी देतो, आणि त्यांच्या पार्लमेंटनं त्या नाकारल्या तर का नाकारल्या हे त्याला सांगावं लागतं. आपल्याकडं चिठ्ठ्या टाकायच्या म्हटलं तर पॅनेलवाले म्हणतील ही काय भिशी आहे काय वो.

तेवढं लांबचं राहू दे. जिथं 15 टक्क्यांहून जास्त लोक वेगळी भाषा बोलतात तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्या भाषेत पण काढायच्या हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी मागंच ठरलंय, आमच्या दारावर ते अजून पोचलं नाही एवढंच. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, सुटेल तेव्हा सुटेल, गटार आज तुंबलंय. आणि खरं सांगायचं तर चूक आपली पण आहे, सीमाप्रश्नासाठी 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाची सायकल फेरी निघते, तिला मी दरवर्षी जातो, ग्रामसभेला मात्र परवा पहिल्यांदा गेलो, ते पण मागं उभा राहून.

पुढच्या सभेआधी कन्नड नोटिशीखाली मराठीत चार ओळी लावा, कन्नड काढा असं कोण म्हणत नाही. टायपिंगचा आणि झेरॉक्सचा खर्च मी देतो.

– एक वाचक, खानापूर तालुका