रशियाचा प्रभाव 1991 मध्ये संपत नाही

मा. संपादक,

रशिया आणि त्याचे छोटे शेजारी यांच्यावरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. हिटलर-स्टालिन यांचा 1939 चा गुप्त करार, 1940 चा बाल्टिक देशांवरचा सोव्हिएत कब्जा, 2008 चे जॉर्जियातले युद्ध असा लष्करी भाग त्यात नीट आला आहे. मात्र एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनियाची कहाणी लेखकाने सोव्हिएत संघातून ते स्वतंत्र झाले त्या 1991 मध्येच आटोपती घेतली, ते पटले नाही. झेंडे बदलले, तरी या तिन्ही देशांच्या वीजजाळ्याची दोरी फेब्रुवारी 2025 पर्यंत मॉस्कोच्याच हातात होती.

ग्रिड, म्हणजे हे वीजजाळे, 50 हर्ट्झवर चालते; त्यातला प्रवाह सेकंदाला 50 आवर्तने करतो, हीच त्याची फ्रिक्वेन्सी. भार वाढला की फ्रिक्वेन्सी घसरते, निर्मिती जास्त झाली की चढते, आणि हा तोल कोणीतरी क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. तिन्ही देशांसाठी हे काम मॉस्कोतून होई. 2001 च्या करारात ते लिहूनच दिलेले होते. मे 2022 मध्ये त्यांनी रशियाची वीज विकत घेणे थांबवले, पण फ्रिक्वेन्सी तिथूनच येत राहिली. तोल गेल्यावर काय होते ते जुलै 2012 मध्ये आपण पाहिले आहे. उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड कोसळले; पश्चिम ग्रिड तगले, म्हणून पुण्याला झळ बसली नाही.

मग तारा आधीच का तोडल्या नाहीत? तोडणे सोपे, उरलेले चिमुकले ग्रिड उभे ठेवणे अवघड. लहान ग्रिडमध्ये फ्रिक्वेन्सीची घसरण रोखून धरणारे फिरत्या यंत्रांचे जडत्व कमी असते. एखादा मोठा वीजनिर्मिती संच अचानक बंद पडला की काही सेकंदांत फ्रिक्वेन्सी कोसळते आणि रिले, म्हणजे संरक्षक स्वयंचलित उपकरणे, एकेक भागाची वीजवाहिनी तोडत सुटतात. लिथुआनियाने तर युरोपीय संघात येण्याच्या अटीपोटी इग्नालिनाचा अणुप्रकल्प 2009 अखेर कायमचा बंद केला होता, म्हणजे तिथली मोठी फिरती यंत्रेही गेली. त्यामुळे प्रत्येक देशात तीन-तीन सिंक्रोनस कंडेन्सर बसवावे लागले. ही अवजड यंत्रे वीज तयार करत नाहीत, नुसती फिरत राहून जडत्व पुरवतात. 8 फेब्रुवारी 2025 ला रशिया-बेलारूसकडच्या वाहिन्या तोडल्या, सुमारे दिवसभर तिन्ही देश स्वतःच्या बळावर चालले आणि 9 तारखेला पोलंडमार्गे युरोपच्या ग्रिडला जोडले गेले. खर्च सुमारे 1.6 अब्ज युरो, त्यातला तीन चतुर्थांश वाटा युरोपीय संघाचा.

पाठीशी असा पैसा पुरवणारा नसेल तर काय होते, ते मोल्दोव्हात दिसते. त्याची बहुतांश वीज कुचुर्गानच्या केंद्रातून येई. केंद्र ट्रान्सनिस्ट्रिया या फुटीर पट्ट्यात, मालकी रशियन कंपनीची, इंधन रशियन गॅस. त्या गॅसचे पैसे ट्रान्सनिस्ट्रिया भरत नसे आणि थकबाकी मात्र मोल्दोव्हाच्या गॅस कंपनीच्या नावावर चढत असे! रोमानियाकडून येणारी 400 किलोव्होल्टची वाहिनीसुद्धा याच केंद्राच्या स्विचयार्डातून (वाहिन्या जोडण्या-तोडण्याच्या आवारातून) जात असे. म्हणून तर थेट राजधानी किशिनाऊपर्यंत वेगळी वाहिनी टाकायला घ्यावी लागली. 1 जानेवारी 2025 ला गॅस थांबला, तेव्हा ऐन हिवाळ्यात घरांचे हीटिंग आणि गरम पाणी बंद पडले ते ट्रान्सनिस्ट्रियातच, म्हणजे रशियाच्या पाठीराख्यांच्या घरात.

तेलाचेही तेच. लिथुआनियाने माझेइकियाईचा तेलशुद्धीकरण कारखाना रशियन कंपनीला न देता पोलिश कंपनीला द्यायचे ठरवले. 2006 च्या उन्हाळ्यात 'दुरुस्ती'साठी म्हणून रशियन तेल आणणाऱ्या द्रुझ्बा पाइपलाइनची त्यांची शाखा बंद झाली, ती कायमचीच. तेव्हापासून तिथे तेल समुद्रमार्गे येते.

हे सगळे एकट्या मॉस्कोने लादले, असेही नाही. स्वस्त गॅसचा मोह स्थानिक पुढाऱ्यांनाही होता. लेखमाला पुढे चालणार असेल तर आर्मेनिया जरूर घ्यावा. तिथली रेल्वे 2008 पासून 30 वर्षांच्या कराराने रशियन रेल्वेकडे आहे, आणि गॅस कंपनीतला उरलेला 20 टक्के हिस्साही सरकारने 2014 मध्ये थकबाकीपोटी गॅझप्रॉम या रशियन सरकारी गॅस कंपनीला देऊन टाकला.

— एक निवृत्त विद्युत अभियंता, कर्वेनगर, पुणे