मामीच्या टापूवरून

नागपूर,
४ जून

प्रिय विजू,
सप्रेम नमस्कार.

नवतप्याचे नऊ जाळणारे दिवस परवा संपले. वाळ्याचे ताटे दिवसातून तीनदा भिजवतो, तरी कूलर गरमच हवा फेकतो. आठ दिवस मामीकडे राहून काल परतलो. तिथलं सगळं तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

वैनगंगेवर आंभोऱ्याला आता तो मोठा केबलचा पूल झालाय. वरच्या गॅलरीत उभं राहिलं की पाच नद्यांचं पाणी एकत्र येताना दिसतं. मामीच्या गावाची वाट मात्र तीच, रपट्याच्या ठेंगण्या पुलावरून जाणारी. आत्ता गाडी थेट दारापर्यंत गेली. श्रावणात वैनगंगा तीन बाजूंनी चढेल, रपटा बुडेल आणि गावाचा टापू होईल. मग दळण, दवाखाना, सगळं डोंग्यावर. म्हणून रोहिणी लागल्यापासून मृगापर्यंत तिथे कुणी दुपारीही आडवं होत नाही.

उन्हाळी धान कापून झालं होतं. चुरणं उरकून पोती ओसरीवर लागली होती, आणि मामा धानाच्या बांधीच्या धुऱ्यांना, म्हणजे बांधांना, माती लावत होते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायला पहिल्या पावसाची वाट. पाणी उतरल्यावर गाळपेर जमिनीत पेरलेला मूग यंदा छान झाला. पहाटे चार वाजता आम्ही शेंगा तोडायला जायचो, कारण ऊन चढलं की वाळलेली शेंग हातातच तडकते आणि दाणे मातीत जातात. नऊ वाजेपर्यंत घरी. मग कांदा-भाकर आणि गडूभर ताक. रात्री लागायची तितकी गाढ झोप मला नागपुरात कित्येक वर्षांत लागली नव्हती.

तू सगळ्यात जास्त आठवलास तो कुरडयांच्या दिवशी. तीन दिवस भिजवलेला गहू, रोज बदललेलं पाणी, तो आंबूस वास! पहाटे मोठ्या गंजात चीक शिजला आणि मामीने पहिली वाटी तेल-मीठ घालून माझ्या हातात दिली. त्या वाटीसाठी आपण दोघं भांडायचो रे. दुपारी शेजारच्या चौघीजणी सरगुंडे करायला आल्या. बारीक काडीवर कणकेची दोरी गुंडाळायची, हलक्या हाताने ओढून काढायची आणि सुपात वाळत घालायची. मला दोनच जमले, तेही फाटले. रात्री उकडलेले सरगुंडे आणि गावरान आंब्याचा रस. शेंदऱ्याचं झाड अजून आहे. त्याचेच आंबे तणसात माचायला टाकलेत.

डांगरवाड्या मात्र राहिल्या नाहीत. नदीच्या रेतीत धिवर मासेमारांच्या त्या खरबूज-टरबुजांच्या वाड्या, रात्री राखणीला खाटा टाकलेल्या, मुक्की मारून फोडलेलं डांगर! गोसीखुर्द धरणाचा पायाचा दगड १९८८ साली बसला तेव्हा आपण चौथीत होतो. पुढे पाणी अडलं आणि ती रेती बुडाली ती बुडालीच. एक म्हातारे काका आता जाळं विणत बसतात. म्हणाले, "रेत सपनात येते बाप्पा." त्यांच्याजवळ मी बराच वेळ बसलो. बोलायला काही सुचलं नाही.

आता मुख्य गोष्ट. मामा-मामी घरात दोघंच, आणि कणगीत दहा माणसांचं धान्य. लाखोळीची डाळ, सुके झिंगे, वड्या, गोवऱ्या, सगळं त्याच हिशेबाने. मी म्हटलं, मामी, एवढं कशाला? तर म्हणाली, "पानी चढलं का रपटा बंद. मंग दारी आलेल्या मानसाले उपाशी ठेवू काय?" २०२० च्या ऑगस्टमधला तो महापूर आठवतो ना? तेव्हा खालच्या आळीतली तीन घरं तिच्या ओसरीवर आली होती. सहा दिवस सगळ्यांनी तिच्याच चुलीवरचं खाल्लं, आणि त्यांच्यातल्या एकीचं बाळ तर अवघं महिन्याचं होतं. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. या खेपेला त्या शेजारणीने कुरडया घालता घालता सांगितलं, आणि मामी उगाच सोऱ्यात चीक भरत राहिली.

मग ती बोटांवर माणसं मोजायला लागली. त्यात तुझंही नाव होतं. "विज्या आला तर," असं म्हणून तिने कुरडयांचा एक डबा वेगळा भरला. तू मामीकडे शेवटचा गेल्याला अकरा वर्षं झाली, विजू. मी काही बोललो नाही, पण तो डबा उचलून फळीवर मीच ठेवला.

मृग ७-८ जूनला लागतो, पण रपटा बुडायला आषाढ तरी उजाडेल. जूनअखेर दोन दिवस काढ. नागपूरला उतर, पुढे मी गाडीने नेतो. कवेलू फेरायचे राहिलेत आणि मामांचा गुडघा आता शिडीवर चढू देत नाही, तर ते काम आपण दोघं करू.

सोबत थोडे मूग पाठवतोय. पोचले की एक दिवस कडक उन्हात घाल आणि कडुनिंबाचा पाला टाकूनच डबा बंद कर. पुण्याच्या दमट हवेत लवकर किडतात. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
बंडू