निसर्गचित्र बिघडते ते पाण्यामुळे

महोदय,

जलरंगातील निसर्गचित्र शिकवताना झाड कसे काढावे, डोंगर कसा काढावा, हे पुष्कळ सांगितले जाते. कागद किती ओला असताना रंग लावावा, हे फारसे कोणी सांगत नाही. नवशिक्याची बहुतेक चित्रे हातातून जातात ती याच ठिकाणी.

पाण्याने भिजवलेला कागद तिरपा धरून पाहावा. पाणी चकाकत असेल तर रंग कुठेही पळतो; तेव्हा फक्त आकाशाचा पहिला हात द्यावा. चकाकी मंदावून नुसती ओलसर झाक उरली की ढगांच्या मऊ कडा आणि दूरची झाडी घालण्याची वेळ झाली. ही वेळ थोडीच असते, म्हणून रंग आधीच कालवून ठेवावा. झाक गेली, पण पालथ्या हाताला कागद अजून गार लागतो, तेव्हा ब्रश खाली ठेवावा. याच वेळी 'जरासे दुरुस्त करू' म्हणून पाणीदार ब्रश टेकवला की ते पाणी अर्धवट सुकलेला रंग बाहेर ढकलते आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कातरलेली कड उमटते. ती नंतर पुसून जात नाही. ओल्या कागदावर जाणाऱ्या ब्रशात कागदापेक्षा कमी पाणी हवे. म्हणून दर वेळी ब्रशचे पोट फडक्याला टेकवून मगच तो कागदावर न्यावा.

पातळ कागदावर हे काही साधत नाही. तो फुगतो, खळग्यांत रंग साचतो आणि दोष मात्र हाताला लागतो. 300 जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड), शक्यतो सुती कागद घ्यावा, चारही कडा टेपने फळीला चिकटवाव्यात आणि फळीची मागची बाजू दोनेक इंच उचलावी. हवे तर रंग कमी घ्या. कागदावर काटकसर नको.

निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट सिएना हे दोनच रंग सुरुवातीला खूप काही देतात. निळा जास्त तर पावसाळी ढग, तपकिरी जास्त तर ओली माती. अल्ट्रामरीनचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि करडी छटा जिवंत दिसते. ट्यूबमधला हिरवा मात्र कच्चा दिसतो, त्यात थोडा बर्न्ट सिएना मिसळावा. तीन-चार रंग एकत्र घोटले, किंवा खालचा थर सुकण्याआधी वरून पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला, की चिखल होतो. वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून पहिल्यापासून मनाला वाटते त्याहून गडद लावायला धजावे.

चित्रात भाव येतो तो नको ते गाळण्यातून. रंगाला हात लावण्याआधी तळहाताएवढ्या चौकटीत पेन्सिलने फिकट, मध्यम, गडद अशा तीनच छटा मांडाव्यात. पाच मिनिटे पुरतात. त्या मांडणीत जे बसत नाही ते फोटोत कितीही सुंदर असो, सोडून द्यावे. पांढरे कुठे राखायचे, तेही तिथेच ठरवावे. पाण्यावरची चमक कोरा कागदच देतो: जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून एकदाच झर्रकन ओढावा आणि पुन्हा तिथे जाऊ नये.

आपल्या पुरवणीत जलरंगाची प्रात्यक्षिके छापताना प्रत्येक टप्प्याच्या छायाचित्राखाली कागदाची जाडी आणि त्या वेळी कागद किती ओला होता, एवढे दोन शब्द द्यावेत, ही विनंती.

– जलरंगाचा एक शिक्षक